रबरसिंग मोठा की सुपरमॅन?

मालेगावच्या नासीर शेखचा सगळ्यांत चांगला सिनेमा कोणता? ‘मालेगाव के शोले’ की ‘मालेगाव का सुपरमॅन’? एरंडोलमध्ये हा वाद जुना आहे. हायवेच्या चौफुलीजवळ मोबाइल दुरुस्तीचे एक लहानसे दुकान आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरले की तिथे चार-सहा जण जमतात. एक निवृत्त मराठी शिक्षक, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. एक कापसाचा व्यापारी, आप्पा. दुकानदार स्वतः, आणि त्याच्या वयाचे दोघे-तिघे. अलीकडे सरांची पुतणीही असते. ती जळगावला एम. ए. करते आणि या मंडळींपेक्षा जास्त सिनेमे तिने पाहिलेले आहेत. राजकारण, कापसाचा भाव आणि पाऊस यांच्यावर बोलून झाले की गाडी मालेगावला जाते.

दुकानदार शोलेच्या बाजूचा. “हाऊच खरा पिच्चर शे, भो,” हे त्याचे पहिले आणि शेवटचे वाक्य. सर सुपरमॅनच्या बाजूचे. आप्पांच्या मते दोन्ही नकला आहेत आणि नकलेवर एवढे डोके घालू नये. पण तेही रोज येतात आणि रोज डोके घालतात.

मी हा वाद ऐकला, त्यात बोललो, घरी येऊन त्यावर विचार केला. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. नासीर शेख आणि त्याच्या मित्रांबद्दल गेल्या वीस वर्षांत पुष्कळ लिहून आले. त्यांच्या जिद्दीबद्दल, गरिबीबद्दल, मालेगावबद्दल. त्याच्या सिनेमांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. एखाद्या दिग्दर्शकाचा विनोद कसा चालतो, कुठे जमतो, कुठे फसतो, हे विचारणे म्हणजे त्याला दिग्दर्शक मानणे. एरंडोलच्या त्या दुकानात हे घडते. मोठ्या शहरांतल्या चर्चांत ते मी क्वचितच ऐकले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडी हकीकत. एरंडोलहून पारोळा, धुळे करत मालेगावला पोचायला दोन-अडीच तास लागतात. आज मालेगाव नाशिक जिल्ह्यात मोडते, पण 1869 मध्ये नाशिक जिल्हा वेगळा केला तेव्हा मालेगाव, नांदगाव आणि बागलाण हे भाग खान्देशातून काढून त्याला जोडले गेले. कागदावर गेले, बोलण्या-चालण्यात राहिले. मोसम नदीच्या दोन्ही काठांवरचे हे गाव यंत्रमागांचे. उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः 1857 नंतर, विणकर कुटुंबे इथे येऊन वसली. त्यांची उर्दू, भोवतालची मराठी आणि अहिराणी यांच्या घासाघाशीतून मालेगावची स्वतःची बोली तयार झाली. यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारी. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस शुक्रवारी नमाज आटोपून सिनेमाला जातो. नवा सिनेमा लागण्याचा वारही शुक्रवारच. मालेगावइतकी सिनेमावेडी गावे महाराष्ट्रात थोडी असतील.

नासीर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचा. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागेल. एक खोली, एक टीव्ही, एक व्हीसीआर, बसायला बाकडी, आणि तिकीट थिएटरपेक्षा स्वस्त. मोठ्या थिएटरात नवा हिंदी सिनेमा लागला की पार्लरवाल्याला त्याच्याशी टक्कर द्यायला काहीतरी वेगळे लावावे लागे. नासीरने चार्ली चॅप्लिन लावला, बस्टर कीटन लावला, ब्रूस ली लावला. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून तो आपल्या प्रेक्षकाला कंटाळवाणे वाटेल ते कापून टाकायचा आणि नुसते मारामारीचे किंवा हसण्याचे तुकडे जोडून नवी टेप बनवायचा. त्याची फिल्म इन्स्टिट्यूट ती. मागे बसून कोणत्या तुकड्याला लोक हसतात, कोणत्या तुकड्याला उठून बिडी प्यायला जातात, हे तो वर्षानुवर्षे बघत होता. संकलन शिकण्याचा याहून चोख मार्ग मला तरी माहीत नाही.

2000 साली त्याने ‘मालेगाव के शोले’ केला. खर्च सुमारे 50 हजार रुपये. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा. कलाकार गावातलेच, हिंदी नटांसारखे दिसणारे आणि त्यांच्यासारखे केस ठेवणारे. गब्बरसिंगचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती झाली. डाकू घोड्यांवरून येण्याऐवजी सायकलींवरून आले. रेल्वेगाडीच्या जागी बस आली. गावाने तो डोक्यावर घेतला. पुढे ‘मालेगाव की शान’ आला. नासीरचे पाहून आणखी लोकांनी कॅमेरे हाती घेतले. ‘मालेगाव के करन अर्जुन’, ‘मालेगाव की लगान’ अशी रांग लागली. लोक त्याला मॉलीवूड म्हणू लागले.

आता वादाकडे येतो.

दुकानदाराचे म्हणणे असे की, शोलेत नासीरने एकही विनोद वरून चिकटवलेला नाही. डाकू सायकलीवर बसला एवढे एकदा ठरले, की पुढचे सगळे आपोआप घडते. घोड्याला लगाम ओढून उभा करायचा तिथे सायकलचा ब्रेक दाबावा लागतो. घोडा खिंकाळतो तिथे घंटी वाजते. आणि नट मात्र गंभीर असतो. आपण सायकलवर आहोत हे त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नाही. तो खराच डाकू आहे, आणि गावाला खरेच लुटणार आहे. दुकानदार हे उभे राहून करून दाखवतो, आणि त्याच्या बाजूला न बसलेल्यालाही हसू येते.

हा मुद्दा दिसतो त्यापेक्षा खोल आहे. विडंबनाचे दोन प्रकार असतात. एकात नट प्रेक्षकाला डोळा मारतो, ‘बघा, मी कशी टिंगल करतोय’ म्हणून. दुसऱ्यात नट स्वतःच्या भूमिकेवर पूर्ण विश्वास ठेवतो आणि परिस्थिती त्याला दगा देते. बस्टर कीटनचा सगळा विनोद दुसऱ्या प्रकारचा. त्याच्या अंगावर घराची भिंत कोसळते तेव्हाही त्याचा चेहरा हलत नाही. नासीरने पार्लरमध्ये कीटन लावला होता हे माहीत असले की ‘शोले’तल्या डाकूंचे गंभीर चेहरे वेगळे दिसू लागतात. तो अडाणीपणा नव्हता. कलाकारांना अभिनय येत नव्हता म्हणून ते गंभीर राहिले, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. हौशी नट हातात सापडला तर तो हसवायच्या मागे लागतो, चेहरे वाकडे करतो. त्याला आवरून धरणे हेच दिग्दर्शकाचे काम, आणि ते इथे झालेले आहे.

दुसरे असे की मूळ ‘शोले’ 1975चा. मालेगावच्या प्रत्येक प्रेक्षकाला तो पाठ. म्हणजे नासीरच्या प्रत्येक दृश्यात दोन सिनेमे एकाच वेळी चालू असतात, एक पडद्यावर आणि एक बघणाऱ्याच्या डोक्यात. हसू येते ते दोहोंच्या मधल्या अंतरामुळे. रामगढचे डोंगर आणि मालेगावबाहेरचे माळरान यांच्यातले अंतर. पैसा आणि पैशाचा अभाव यांच्यातले अंतर. हे ज्याला कळले तो दिग्दर्शक.

आप्पा इथे मध्ये पडतात. मूळ सिनेमा दुसऱ्याचा, पात्रे दुसऱ्याची, प्रसंग दुसऱ्याचे. मग नासीरचे काय? त्यांना दादा कोंडके जास्त जवळचे. कोंडक्यांनीही स्वतःच्या हिमतीवर सिनेमे केले, ‘सोंगाड्या’ 1971 साली पडद्यावर आणला, लागोपाठ नऊ सिनेमांचे रौप्यमहोत्सव केले. पण कोंडक्यांचा नाम्या, कोंडक्यांचा पांडू हवालदार हे त्यांचे स्वतःचे होते. आप्पांनी ते यात्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून पाहिले आहेत. त्यांच्या बोलण्यात तंबूतली ती रात्र जिवंत होते.

आप्पांचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण त्यांच्याच आवडीतून त्याचे उत्तर निघते. कोंडके घडले ते लोकनाट्याच्या वगातून, आणि वगाला कथेची उसनवारी कधीच वर्ज्य नव्हती. तमाशातल्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी आणि वाट अडवणारा कृष्ण हे सगळे पुराणातलेच. त्यात मावशी घुसते आणि पुराण गावच्या चावडीवर येऊन बसते. प्रेक्षकाला कथा आधीच माहीत असते. तिच्यात आपल्या गावाचा काय पाठ घातला हे बघायला तो आलेला असतो. नासीरच्या पिढीचे पुराण म्हणजे हिंदी सिनेमा. त्याने त्यात मालेगावची मावशी घुसवली. एरंडोलकरांना तर हे लगेच कळावे. आपले गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रनगरी, बकासुराला भीमाने मारले ते इथेच, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पांडववाडा दाखवतो, पद्मालयाजवळचे भीमकुंड दाखवतो. मोठी कथा उचलून आपल्या शिवारात आणून बसवायची आणि मग ती आपलीच म्हणून सांगायची, हा व्यवहार या मातीला नवा नाही.

सरांचा मुद्दा याच्याही पुढचा आहे, आणि मी शेवटी त्यांच्या बाजूला जाऊन बसलो.

‘सुपरमॅन’मध्ये नासीरला नकलेची गरज उरलेली नाही, असे सर म्हणतात. अमेरिकेच्या सुपरमॅनचे त्याने घेतले काय? निळा पोशाख, उडणे आणि नाव. छातीवरचा ‘एस’ जाऊन ‘एम’ आला, मालेगावचा. बाकीची कथा या गावातून उगवलेली आहे. सुपरमॅनला दमा आहे. कारण तो मालेगावच्या हवेत उडतो. खलनायकाला सोने नको, सत्ता नको. त्याला घाण आवडते. गाव घाण राहावे एवढीच त्याची इच्छा. हे कुठल्या परदेशी सिनेमात आहे? ज्याने यंत्रमागाच्या कारखान्यात कापसाचा तंतू छातीत घेऊन खोकणारा माणूस रोज पाहिला, ज्याच्या दारासमोर गटार तुंबते, त्यालाच हे सुचू शकते. सर वर्गात शिकवल्यासारखे बोट वर करून सांगतात, की शोलेत गावाची गरिबी विनोदाचे साधन आहे, आणि सुपरमॅनमध्ये ती विनोदाचा विषय आहे.

मला हे विधान फार मोलाचे वाटते. शोलेतली सायकल घोडा परवडत नाही म्हणून आली. सुपरमॅनचा दमा काही परवडत नाही म्हणून आलेला नाही, तो लेखकाने विचार करून दिला आहे. जगात सगळ्यांत बलवान माणूस आमच्या गावात आला तर त्याचे काय होईल? त्याला धाप लागेल. एका ओळीत यंत्रमागाच्या गावाच्या आरोग्याचा अहवाल आहे, आणि त्यावर तेच गाव पोट धरून हसते.

तो सुपरमॅन झाला शफीक शेख. यंत्रमागावर काम करणारा, हडकुळा, मोठ्या डोळ्यांचा मुलगा. त्याच्यासारखी देहयष्टी घेऊन कुणी सुपरमॅन होऊ शकेल ही कल्पनाच नासीरची खरी निवड. फैजा अहमद खान यांनी या सिनेमाच्या चित्रीकरणावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, 2008 सालचा. त्यात शफीक दिसतो. कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळे हबकून बघत राहतात. शूटिंग चालू असताना शफीकचे लग्न ठरते आणि काम थांबवून सगळे वऱ्हाडी होतात. उडायचे दृश्य घेण्यासाठी नासीर मुंबईला जाऊन क्रोमाचे तंत्र बघून येतो, आणि मग ट्रकच्या बाजूला हिरवा कपडा ताणून त्यापुढे सुपरमॅनला आडवा करून शॉट घेतो. वरून शॉट हवा तर बैलगाडीचे जू वर उचलायचे आणि त्यावर कॅमेरेवाल्याला बसवायचे. कॅमेरा सरकता हवा तर सायकल. अक्रम खान खलनायक. लेखक फरोग जाफरी.

शफीक 2011 साली तोंडाच्या कर्करोगाने गेला. ऐन तारुण्यात. दुकानात या विषयावर आल्यावर कुणी काही बोलत नाही आणि मीही इथे जास्त लिहिणार नाही. एवढेच सांगतो की पुढच्याच वर्षी, जुलै 2012 मध्ये, महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, आणि खान्देशातल्या कुठल्याही बसस्टँडवर आजही गुटख्याच्या पुड्या पायाखाली येतात.

दुकानदार सुपरमॅनवर एक घाव घालतो आणि तो वर्मी बसतो. हिरव्या कपड्याची करामत करण्याच्या नादात सिनेमा मंद झाला, असे त्याचे म्हणणे. उडण्याची दृश्ये नासीरला इतकी आवडली की ती लांबली. शोलेत त्याच्याजवळ काही नव्हते म्हणून प्रत्येक दृश्यात डोके चालवावे लागले. संगणक आल्यावर संगणकाने डोक्याची जागा घेतली. सर यावर गप्प बसतात. माझे मत असे की दुकानदाराचे अर्धे बरोबर आहे. उडण्याच्या दृश्यांत पहिल्यांदा हसू येते, मग ते ओसरते. पण सुपरमॅन जमिनीवर उतरून धाप टाकतो तेव्हा सिनेमा पुन्हा उभा राहतो. जो विनोद कल्पनेतून आला तो टिकला, यंत्रातून आला तो विरला.

सरांच्या पुतणीने एकदा सगळ्यांना एकाच प्रश्नाने थांबवले. “काका, या सिनेमांत बायका कुठे आहेत?” मालेगावातल्या मुलींनी सिनेमात काम करणे घरच्यांना चालत नव्हते, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणाव्या लागत. म्हणजे या साऱ्या विनोदाच्या निर्मितीत आणि बहुतेक वेळा तो बघण्यातही गावाच्या निम्म्या माणसांना जागा नव्हती. व्हिडिओ पार्लरच्या बाकड्यावर मुली बसत नसत. बासमतीला हसणारे सगळे पुरुष होते. तिचा प्रश्न असा होता, की दमेकरी सुपरमॅन सुचणाऱ्या माणसाला मागाच्या खोलीत कांड्या भरणारी बाई का सुचू नये?

यावर आप्पांनी फाळक्यांचे उदाहरण दिले, आणि ते चपखल आहे. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना तारामती मिळेना. शेवटी हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. पुढे ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच झाले. फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे नाशिक जिल्ह्यातलेच. त्याच जिल्ह्यात जवळजवळ नव्वद वर्षांनी दुसऱ्या एका माणसाला तीच अडचण आली. पुतणी म्हणाली, की फाळक्यांना नव्वद वर्षांची सवलत देता येते, नासीरला कशाला? मला तिचे म्हणणे पटते. नासीरच्या सिनेमांतली ही खरी उणीव आहे आणि चाहत्यांनी ती उघडपणे मान्य केली पाहिजे. आवडत्या दिग्दर्शकावर माया करायची म्हणून त्याला पास करत बसू नये.

तिनेच आणखी एक रेषा ओढली, जी मला आधी दिसली नव्हती. व्हिडिओ पार्लर बंद पडले, सीडीचे दिवसही सरले. 2016 नंतर मोबाइलवर डेटा स्वस्त झाला आणि ‘खान्देश हिंदी कॉमेडी’ या नावाने यूट्यूबवर व्हिडिओंचा पूर आला. ‘छोटू दादा’ त्यातला सगळ्यांत गाजलेला. कोट्यवधी लोक ते बघतात, जगभर बघतात. मालेगावच्या सिनेमाची ही पुढची पिढी. या व्हिडिओंतून अनेक घरे चालतात, त्याबद्दल मला आदर आहे. पण विनोद कशावर आहे ते बघा, असे ती म्हणते. बुटका माणूस पडतो, मार खातो, लोक हसतात. त्याचे शरीर हाच विनोद. शफीकचे शरीरही विनोदाचे होते, हडकुळा सुपरमॅन. फरक कुठे? शफीकच्या सिनेमात आपण त्याच्या बाजूने असतो. त्याला धाप लागते तेव्हा दोष हवेचा असतो, त्याचा नसतो. छोटूच्या कितीतरी व्हिडिओंत आपण मारणाऱ्याच्या बाजूला उभे असतो. सगळ्याच नाही, काहींत छोटू बेरकीपणाने मोठ्यांना पुरून उरतो आणि ते मजेदार आहेत. पण रेषा आहे, आणि नासीर तिच्या योग्य बाजूला उभा होता.

नासीरच्या नावावर या सिनेमांच्या आणि यूट्यूबच्या मधला एक दुवा आहे, तो बहुतेक विसरले. 2010 मध्ये सब टीव्हीवर ‘मालेगाव का चिंटू’ ही त्याने केलेली मालिका आली. संवादाविना विनोद. चॅप्लिन-कीटनचे ऋण त्याने तिथे उघडपणे फेडले. एका गावाच्या पार्लरमधून निघालेला माणूस देशभरच्या वाहिनीवर मूकविनोद करतो, ही साधी गोष्ट नव्हे. वादात तिचे नाव कुणी घेत नाही, कारण ती कुणाला नीट आठवतच नाही.

28 फेब्रुवारी 2025 रोजी रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला. त्याआधी 2024च्या सप्टेंबरात तो टोरंटोला दाखवला गेला होता. आदर्श गौरव नासीर झाला, शशांक अरोरा शफीक, विनीत कुमार सिंह फरोग. लेखन वरुण ग्रोव्हर यांचे. नंतर तो मोबाइलवर आला तसा एरंडोलच्या दुकानात वादाला नवा जोर चढला. चित्रपट चांगला आहे, याबद्दल तिथे दुमत नाही. शफीकचा शेवट बघताना आप्पांनी डोळे पुसले हे मी पाहिले. लेखकाला त्याच्या कामाचे श्रेय मिळत नाही हे दुःख त्यात जिव्हाळ्याने आले आहे. दिग्दर्शकाचे नाव गाजते आणि सुपरमॅनला दमा देणारा मागे राहतो, हा अन्याय मालेगावापुरता नाही.

पण मला एक गोष्ट खटकली. चित्रपट पाहून मोठ्या शहरांतल्या कितीतरी लोकांनी नासीर शेखवर प्रेम केले. त्यातल्या किती जणांनी नंतर ‘मालेगाव के शोले’ शोधून पाहिला? माहितीपटाचेही तसेच. 2012च्या जूनमध्ये तो भारतातल्या मल्टिप्लेक्समध्ये लागला, समीक्षकांनी उचलून धरला. लोक हसले ते नासीरच्या सिनेमाला की नासीरला? बैलगाडीवर चढवलेला कॅमेरा बघून हसणे वेगळे, आणि त्या कॅमेऱ्याने घेतलेला शॉट बघून हसणे वेगळे. मालेगावच्या प्रेक्षकाने बैलगाडी पाहिलीच नव्हती. त्याला फक्त शॉट दिसला. तो खरा प्रेक्षक. सप्टेंबर 2006 आणि सप्टेंबर 2008च्या बॉम्बस्फोटांनी ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रांत छापून आले, त्या गावाबद्दल काहीतरी गोड ऐकायला मिळाले म्हणून बाहेरच्यांना बरे वाटले. त्यात गैर नाही. पण कौतुक गावाच्या जिद्दीचे झाले आणि सिनेमा तपासायचा राहून गेला.

तपासायचा तर तो हाती हवा. आणि इथेच सगळा वाद येऊन अडतो. एरंडोलच्या दुकानात शोलेबद्दल इतके हिरिरीने बोलणारी माणसे त्यातली निम्मी दृश्ये आठवणीतून सांगतात. घंटी नेमकी कुठे वाजते यावरून दोघांत जुंपली, आणि ताडून बघायला धड प्रत नव्हती. मोबाइलवर जे तुकडे मिळतात ते नकलेची नक्कल, चित्र फुटलेले, आवाज मागेपुढे. व्हीएचएस टेपवर चित्रित झालेला सिनेमा आज पंचवीस वर्षांचा झाला. चुंबकीय फितीचे आयुष्य साधारण वीस-तीस वर्षे धरतात. दमट कपाटात ठेवली तर त्याआधीच तिला बुरशी चढते.

आपल्याकडे हे आधी घडून गेले आहे. फाळक्यांनी 1914 मध्ये ‘पिठाचे पंजे’ नावाचा एक छोटा विनोदी सिनेमा केला होता. मराठी माणसाने केलेला अगदी सुरुवातीचा विनोदी सिनेमा म्हणून तो आपल्याला हवा होता. आज तो नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला आहे. ‘आलम आरा’ 1931 सालचा, देशातला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत सापडलेली नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात 1964 साली सुरू झाले, म्हणजे पन्नास वर्षे उशिरा. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन हे काम करते. पण या संस्थांचा मुख्य जीव फिल्मच्या रिळात आहे. व्हिडिओवर जन्मलेला, सेन्सॉरकडे न गेलेला, थिएटरात न लागलेला, दुसऱ्याच्या सिनेमावरून केलेला सिनेमा कुणाच्या यादीत बसवायचा? कायद्याने तो कुठे उभा राहतो यावर वकील भांडत बसतील तोवर फीत गळून जाईल.

म्हणून हे प्रेक्षकांनीच करायचे काम आहे. मालेगावच्या सिनेमांच्या टेपा आणि सीड्या एके काळी धुळे, पारोळा, एरंडोल, धरणगाव, अमळनेर, चाळीसगाव या गावांत फिरल्या. पार्लर बंद झाले तेव्हा त्या भंगारात गेल्या किंवा कुणाच्या तरी माळ्यावर गेल्या. माळ्यावर असतील त्या अजून वाचू शकतात.

तुमच्या घरी अशी पेटी असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर टाकू नका. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालून बघू नका, फीतही जाईल आणि यंत्रही. जाणकाराकडून साफ करून घ्या. टेप उभी ठेवा, कोरड्या जागी. सीडी असेल तर आजच संगणकावर जशीच्या तशी उतरवून घ्या, आकार लहान करू नका, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. वेष्टनावर पेनाने काही लिहिलेले असेल, पार्लरचा शिक्का असेल, तर त्याचाही फोटो काढा. मग गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा सार्वजनिक वाचनालयात एक प्रत द्या. त्या सिनेमांत काम केलेले, कॅमेरा धरलेले, बैलगाडी ओढलेले लोक अजून आहेत. त्यांच्याशी बोला आणि लिहून ठेवा. कोणत्या दृश्याची कल्पना कुणाची, हे तेच सांगू शकतात.

मी सुपरमॅनच्या बाजूचा आहे हे वर सांगितलेच. पण ‘शोले’ची धड प्रत कुणाकडे निघाली तर ती एरंडोलला घेऊन या. दुकानदाराचे म्हणणे पुन्हा पडद्यावर तपासून घ्यायची माझी तयारी आहे.